हार पुरे झाले!

डॉक्टर आनंदीबाई जोशी आमच्या गावच्या, असे आम्ही कल्याणकर मोठ्या ऐटीने सांगतो. मीही सांगत आलो. पण वाचकहो, त्या डॉक्टर झाल्या त्यात आपला वाटा किती? 1865 साली जन्म कल्याणात. 1886 साली पदवी मात्र फिलाडेल्फियात! स्त्रियांचे ते वैद्यकीय महाविद्यालय काही आभाळातून पडले नव्हते. पुरुषांच्या महाविद्यालयांची दारे स्त्रियांना बंद होती, म्हणून क्वेकर सुधारकांनी ते 1850 सालीच उभे केले. रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी परक्या देशीच्या या पोरीला आपल्या घरात ठेवून घेतले. आपल्या लोकांनी काय केले? आधी टिंगल; आणि 1887 साली, बावीस वर्षेही पुरी न होता त्या गेल्या, तेव्हा शोक!

एकटीच्या धैर्याला टाळ्या वाजवणे सोपे. दुसरीसाठी दार उघडणे कठीण. आजही ठाणे-डोंबिवलीच्या कितीतरी घरांत मुलगा पुस्तकाशी आणि मुलगी चकलीच्या सोऱ्याशी. तेव्हा तसबिरीला हार घालण्यापूर्वी सोऱ्या मुलाच्या हाती द्या. आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या लेकीची फी भरा. मग खुशाल म्हणा, आनंदीबाई आमच्या!