भेसळ गावात, तपासणी शहरात

नेवासे तालुक्यातल्या घोडेगावच्या बाजारात म्हैस घेणारा शेतकरी तिच्या दुधाचा हिशेब फॅटवर मांडतो, कारण संकलन केंद्रावर भाव फॅट आणि एसएनएफवरच (स्निग्धांश सोडून उरणाऱ्या घन घटकांवर) ठरतो. तिथले मिल्क अ‍ॅनालायझर हे दोन आकडे झटपट देते. दूध नासू नये म्हणून कुणी त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले असेल, तर त्याचा पत्ता मात्र या यंत्राला लागत नाही. हे रसायन दुधात घालायला कायद्याने मनाई आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी भेसळीचे १२ निघाले, त्यांतल्या सहांत पेरॉक्साइड होते. एवढ्याशासाठी पेरॉक्साइड शोधायचे नवे तंत्र कशाला, असे कुणी विचारेल. पण ते नमुने ५० हजारांवर वस्तीच्या शहरांतले होते. दुधातल्या कॅटालेजसारख्या विकरांमुळे आणि पुढे तापवल्यावर पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन होऊन जाते, म्हणजे पुरावा वाटेतच विरतो. तपासणी कॅन टाकीत रिता होण्याआधीच व्हायला हवी. सगळ्यांचे दूध एकदा मिसळले की दोषी सापडत नाही, आणि संशय प्रामाणिक गवळ्यावरही येतो.

केंद्रावरच पेरॉक्साइड मोजायचे तर सोन्याच्या इलेक्ट्रोडचा उपयोग होऊ शकतो. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात इलेक्ट्रोड बुडवून वीज सोडली की त्यावर सोन्याचे सूक्ष्म फाटे आणि पाकळ्या वाढतात. सपाट थरापेक्षा पृष्ठभाग कितीतरी वाढतो. ठरावीक विद्युतदाबाला पेरॉक्साइड त्यावरून इलेक्ट्रॉन घेते, आणि त्याचे प्रमाण जितके जास्त तितका प्रवाह जास्त. सोने म्हटले की खर्च आठवतो, पण असा थर अतिशय पातळ असतो. खरी अडचण निराळीच आहे. प्रथिने आणि स्निग्धांश इलेक्ट्रोडला चिकटतात, त्यामुळे स्वच्छ द्रावणात जमलेले मोजमाप दुधात जमेलच असे नाही. म्हणून यंत्रखरेदीची घाई नको (अनुदान दिसले की ती होतेच). पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चची निळ्या रंगाची कसोटी स्वस्त आहे, ती आजच सुरू करता येईल. मात्र पहाटेच्या अंधुक उजेडात रंग नजरेने ठरवायचा म्हटला की वाद आलाच. इलेक्ट्रोडने मोजलेला आकडा पावतीवर छापला तर शेतकऱ्यालाही तो दाखवून भांडता येईल. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ घोडेगावहून दूर नाही. त्याने नेवासे तालुक्यातल्या केंद्रांवर, म्हशीच्या दाट दुधात आणि ऐन उन्हाळ्यात अशा इलेक्ट्रोडची परीक्षा घ्यावी, आणि प्रयोग फसला तरी निष्कर्ष जाहीर करावेत.