पाना कोणाच्या हाती?

उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर चढाला लागतो. इंजिनाचा आवाज चढत जातो, पण चाके त्या प्रमाणात फिरत नाहीत, आणि पाठोपाठ एक उग्र, जळका वास येतो. ऊसपट्ट्यातील लहान मुलेसुद्धा हा वास ओळखतात. क्लच गेला! गळीत हंगाम ऐन भरात असताना असा ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला उभा राहणे म्हणजे काय, हे वाहतूक करणाऱ्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. तोडणी टोळीला दिलेली उचल अंगावर असते, तोडलेला ऊस फडात वाळत असतो, आणि वजन दिवसागणिक घटत असते. त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर ओढून न्यावा आणि नंबर लागण्याची वाट पाहावी. नाही तर चार माणसे जमवून घरच्या अंगणात तो खोलावा.

या दुसऱ्या वाटेविषयी येथे लिहावयाचे आहे. उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची असावीत, यावर आपण पुष्कळ बोलतो व लिहितो. पण साधन बिघडल्यावर ते उघडण्याचा अधिकार आणि कसब कोणाजवळ असावे, हा विचार आपण मिस्त्रीवर सोपवून मोकळे होतो. नोंदणी-पुस्तकावर नाव शेतकऱ्याचे आणि पाना मात्र परक्याच्या हाती, ही मालकी अर्धीच होय. त्यातही गंमत अशी की हप्ते फिटेपर्यंत ट्रॅक्टर खऱ्या अर्थाने कर्ज देणाऱ्याचा असतो. तो शेतकऱ्याचा होतो तेव्हा जुना झालेला असतो, आणि क्लच जाण्याची वेळही साधारण तीच असते.

क्लच ही वस्तू मुळात साधी आहे. इंजिनाच्या मागे फिरणारे जड फ्लायव्हील आणि स्प्रिंगांच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट, या दोहोंच्या मध्ये घर्षणाचे अस्तर लावलेली एक तबकडी धरलेली असते. पकड घट्ट असली की इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबले की पकड सुटते. अस्तर झिजणे हा त्या तबकडीचा धर्मच आहे. प्रश्न ती किती लवकर झिजते एवढाच, आणि तेथे मात्र अर्थकारण आडवे येते. वाहतुकीचा मोबदला टनावर आणि अंतरावर ठरतो; म्हणून पस्तीस अश्वशक्तीच्या यंत्रामागे दोन-दोन ट्रॉल्या जोडल्या जातात, त्याही काठोकाठ भरून. चढावर थांबून पुन्हा निघताना तबकडी घसरते, तापते, जळते. मग मालक म्हणतो, ड्रायव्हर पेडलवर पाय ठेवून चालवतो. ही सवय असते आणि ती वाईट आहे, यात वाद नाही. पण एखाद्याच्या पगारातून क्लचची किंमत कापण्यापूर्वी ट्रॉलीवर किती टन ऊस होता, हेही विचारले पाहिजे. टनांचा हिशेब कोणी मागत नाही; पायाचा हिशेब सगळे मागतात.

ट्रॅक्टर खोलण्याआधी पेडलची मोकळी हालचाल तपासावी. बहुतेक जुन्या यंत्रांत ती वीस-पंचवीस मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. नेमका आकडा त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत असतो. ही हालचाल उरलेली नसेल तर रिलीज बेअरिंग सतत फिंगरांवर टेकून राहते आणि क्लच पुरता पकडतच नाही. असा क्लच कधी कधी केवळ दांडी लांब-आखूड करून पुन्हा कामाला लागतो. पाच मिनिटांचे हे काम न करता थेट नवीन संच विकणारे महाभाग सर्वत्र आहेत. ते नफ्यासाठी तसे करतात आणि शेतकरी अज्ञानामुळे ते करू देतो. यापैकी दुसऱ्या गोष्टीवर तरी आपल्याला उपाय करता येण्यासारखा आहे.

दांडीने भागले नाही तर ट्रॅक्टर मधोमध सोडवावा लागतो. मॅसी फर्ग्युसन १०३५ किंवा एचएमटी २५११ यांच्या पिढीतील बहुतेक ट्रॅक्टरांना मोटारीसारखी वेगळी चौकट नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची बिडाची घरे एकमेकांना बोल्टांनी जोडलेली असतात आणि तीच यंत्राची पाठ असते. क्लचपर्यंत जायचे तर ही पाठ मोडावी लागते, म्हणजे टनावारी वजनाचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर करावे लागतात. घरी हे काम करता येते, असे म्हणताना जबाबदारीने म्हटले पाहिजे. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या एका खिळीवर झुलता असतो. बोल्ट सुटताच इंजिनाचा भाग कुशीवर कलंडू शकतो. म्हणून अ‍ॅक्सल आणि त्यावरचा आधार यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्याशिवाय एकही मुख्य बोल्ट सैल करू नये. जागा सपाट आणि टणक हवी. पावसाने भिजलेले अंगण चालत नाही. मागच्या चाकांना ओंडके, गिअरबॉक्सखाली भक्कम घोडी, आणि इंजिनाचा भार चेनब्लॉकवर किंवा चाकांच्या गाड्यावर. नुसत्या जॅकवर विसंबून यंत्राखाली हात घालणे हे शौर्य नव्हे. ज्या गावात चेनब्लॉक आणि घोड्या नाहीत, तेथे हे काम घरी करू नये, असे मी स्पष्टच म्हणेन.

बॅटरीची तार, डिझेलची नळी, स्टिअरिंगची दांडी, वायरी हे सगळे सोडवताना खुणा करून ठेवाव्यात. दोन तुकडे दूर झाले की खरी तपासणी सुरू होते, आणि घाई नडते ती येथेच. तबकडीवर तेल दिसले तर दोष तबकडीचा नव्हे. क्रँकच्या मागची किंवा गिअरबॉक्सच्या पुढची सील गळते आहे. सील न बदलता नवी तबकडी बसवणे म्हणजे पुढच्या हंगामात हाच खटाटोप पुन्हा करणे. फ्लायव्हीलवर निळे डाग, चिरा किंवा खोल चरे असतील तर ते लेथवर नेऊन तपासून घ्यावे लागते. रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलच्या मध्यातील छोटे बेअरिंग जुने ठेवून पैसे वाचत नाहीत. ट्रॅक्टर पुन्हा सोडवण्याची मजुरी त्यांच्या किमतीपेक्षा जड असते. नव्या तबकडीची फ्लायव्हीलकडची बाजू कोणती, ते पाहून घ्यावे. उलटी बसवली तर सगळे श्रम वाया. ती मध्यावर धरण्यासाठी खास अवजार मिळते. नसेल तर टाकाऊ इनपुट शाफ्टचा तुकडा चालतो. सुतारही लाकडाचा दांडा कातून देतो. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करीत आवळावेत. फिंगरांची उंची सारखी आहे ना, हे पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे मोजावे. दुहेरी क्लचच्या यंत्रांत, म्हणजे जेथे अर्धे पेडल चाके थांबवते आणि पूर्ण पेडल मळणीयंत्राकडे जाणारी शक्तीही तोडते, तेथे हे मोजमाप अधिकच काटेकोर लागते.

आणि जोडताना बळजबरी नको. शाफ्टचे दाते तबकडीच्या दात्यांत बसले की शेवटचे बोटभर अंतर हलक्या जोराने मिटते. मिटत नसेल तर फ्लायव्हील किंचित फिरवावे, पुन्हा पाहावे. बोल्ट आवळून ते अंतर ओढून घेणाऱ्याने नव्या तबकडीचा मधला भाग वाकवलाच म्हणून समजावे.

या सगळ्यात एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. घर उघडले की आत काळी भुकटी साचलेली दिसते. मिस्त्री हवेचा पाइप लावतो, किंवा तोंडाने फुंकर मारतो, आणि शेजारी वाकून बघणाऱ्या पोराच्या नाकातोंडात ती जाते. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस वापरीत असत. त्याचे तंतू फुफ्फुसात रुतून बसतात, आणि त्यापासून होणारे रोग, त्यात कर्करोगही आला, वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतात. तोपर्यंत ते गॅरेज बंद झालेले असते, मालक बदललेला असतो, आणि भरपाई मागायची तर कोणाकडे? उपाय महागडा नाही. भुकटी उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, फडके पिशवीत बांधून टाकावे, तोंडाला चांगला मास्क असावा, आणि मुलांना त्या वेळी दूर ठेवावे. कामगारांच्या आरोग्याविषयी आपण कारखान्यांच्या दारांवर जे बोलतो, ते एसटी स्टँडमागच्या पत्र्याच्या शेडमध्येही बोललेच पाहिजे. तेथे युनियन नाही, हजेरीपट नाही, आणि बहुतेकदा पोराचे वयही कोणी विचारीत नाही. ट्रॅक्टर मेकॅनिक हा शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकवला जाणारा व्यवसाय आहे. पण शेडमध्ये आठ-दहा वर्षे हात काळे केलेल्याच्या कसबाला कागदाचे मोल नाही, म्हणून त्याला बँक कर्ज देत नाही आणि समाज त्याला जाणकार म्हणत नाही.

हे यंत्र साध्या पान्यांनी उघडते, याचे आपल्याला नवल वाटत नाही. वाटले पाहिजे. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत १९६५ च्या सुमारास मनमोहन सुरी यांच्या नेतृत्वाखाली देशी ट्रॅक्टरच्या आराखड्याचे काम सुरू झाले. १९७० साली पंजाब शासनाच्या पुढाकाराने पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी निघाली आणि १९७४ मध्ये ‘स्वराज ७२४’ शेतात उतरला. हरयाणातील पिंजोर येथे एचएमटीने चेकोस्लोव्हाकियातील झेटरच्या सहकार्याने १९७१ पासून ट्रॅक्टर बनवले. सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले हे ज्ञान होते. २००७ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स महिंद्र समूहाकडे गेली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. या यंत्रांचे पोवाडे गाण्याची गरज नाही. ती धूर ओकतात, उलटली तर चालकाच्या डोक्यावर काही रक्षण नसते. परंतु त्यांच्यात कुलूप नव्हते.

कुलूप आता येत आहे. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले, आणि त्यासाठी इंधनावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. स्वच्छ हवेला विरोध करण्याचे कारण नाही. शेतकऱ्यालाही फुफ्फुसे आहेत. पण बिघाडाचा संकेत वाचण्याचे उपकरण आणि त्याची सॉफ्टवेअर-किल्ली केवळ अधिकृत विक्रेत्याकडे राहिली, तर धुराच्या नावाखाली पाना हिरावला जाईल. अमेरिकेत हेच घडले. जॉन डिअर कंपनीशी तेथील शेतकरी वर्षानुवर्षे या प्रश्नावर झगडत आहेत. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने तेथील फार्म ब्युरोशी सामंजस्य करार केला. त्याच वर्षी कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये संघराज्याच्या व्यापार आयोगाने कंपनीवर दावा दाखल केला. भांडवलशाहीच्या माहेरघरी शेतकऱ्याला आपलाच ट्रॅक्टर उघडण्यासाठी कायदा मागावा लागतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. तिच्या विषयांत शेतीची यंत्रेही होती, आणि डिसेंबरमध्ये एक पोर्टल सुरू झाले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टर व त्याच्या अनेक सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर पाच टक्क्यांवर आला, त्याचे स्वागतच आहे. पण करकपातीने कुलूप उघडत नाही.

घरी दुरुस्ती करा, स्वावलंबी व्हा, असा उपदेश मला करावयाचा नाही. तो उपदेश ऐकवणाऱ्यांना बहुधा सरकारी खर्च वाचवायचा असतो. शिवाय ‘घरी’ हा शब्दच फसवा आहे, कारण ट्रॅक्टर एकट्याने सोडवता येतच नाही. आपल्याकडे इर्जिक होती. एखाद्याची नांगरट अडली तर शेजारी आपापल्या बैलजोड्या घेऊन येत आणि यजमान त्यांना जेवू घालीत असे. त्या रीतीलाही जातीची उतरंड होती. कोणाला बोलवायचे आणि कोणाला पंक्तीत घ्यायचे, हे गावगाडा ठरवीत असे. ते सोडून देऊन बाकीचे घेता येण्यासारखे आहे. अवजार बँकांना सरकारी अनुदान मिळते, पण ते प्रामुख्याने नवी अवजारे खरेदी करण्यासाठी. गावात चार रोटाव्हेटर येतात आणि त्यांना ओढणारा ट्रॅक्टर उचलायला एक चेनब्लॉक नसतो.

विकास सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. आपले कार्यकर्ते ज्या ज्या सोसायटीचे सभासद आहेत, तेथे त्यांनी या वर्षी एक ठराव मांडावा. मसुदा अर्ध्या पानाचा होईल: एक चेनब्लॉक, दोन मजबूत घोड्या, पाचरींचा संच, एक टॉर्क पाना, गावात असलेल्या ट्रॅक्टरांच्या दुरुस्ती-पुस्तिका मराठीत, डझनभर मास्क, आणि हे सारे ठेवण्यासाठी कुलूपबंद खोली. तिची किल्ली ज्याच्याकडे राहील तो मिस्त्री मानधनावर असावा आणि त्याचे मानधन ठरावातच लिहावे. सभासद नसलेल्या ड्रायव्हरांना आणि मजुरांच्या मुलांना त्या खोलीत शिकण्याची मुभा असावी. अध्यक्ष म्हणतील, पुढच्या वर्षी पाहू. त्यांना विचारावे, या हंगामात गावातले किती ट्रॅक्टर क्लचपायी उभे राहिले आणि किती दिवस? हे आकडे सभेपूर्वी दारोदार फिरून जमवले असतील तर उत्तर टाळणे त्यांना जड जाईल. ठराव मंजूर झाला तर ऑक्टोबर संपण्याच्या आत खरेदी व्हावयास हवी. त्यानंतर टोळ्या येतात, धुराडी पेटतात, आणि मग कोणालाच सवड नसते.