कर गेला, भाव कुठे गेला?

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतली आठवीची एक मुलगी चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी विचारलं, तर मान खाली घालून म्हणाली, ‘आपा, पॅड नव्हतं.’ संध्याकाळी मी गावातल्या एका किराणा दुकानात गेले. पाकिटावर छापील किंमत 40 रुपये, मागितले 45. का, म्हणून विचारलं. ‘मॅडम, गाडीभाडं आहे, वरून जीएसटी लागते नं.’

सॅनिटरी पॅडवर जीएसटी नाही. 27 जुलै 2018 पासून नाही.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा कुंकू, टिकली, बांगड्या करमुक्त होत्या आणि पॅडवर 12 टक्के कर होता. जेएनयूची संशोधक जरमीना इसरार खान याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. टिकली-कुंकवाला सूट, मग पॅडला का नाही, असं न्यायालयानंही सरकारला विचारलं. सरकारचं उत्तर होतं, आधीचा करही 13.68 टक्के होताच. अखेर 21 जुलै 2018 च्या जीएसटी परिषदेत कर हटला. टाळ्या वाजल्या, विषय संपला.

हिशेब मात्र संपला नाही. 40 रुपयांच्या पाकिटात 12 टक्के कराचे सव्वाचार रुपये होते. तेवढा भाव उतरायला हवा होता. तो तसा उतरला नाही, कारण करमाफी अर्धीच दिली. पॅडमधलं पॉलिमर, प्लॅस्टिकची फिल्म, गोंद यांवर तेव्हा 18 टक्के कर होता, लगद्यावर 12. पूर्वी हा कर कारखानदाराला वळता करून मिळायचा. विक्री करमुक्त झाली आणि ती वजावट बंद झाली. तो पैसा मग किमतीतच मुरला. परदेशी जाणाऱ्या मालावरचा असा आतला कर सरकार परत करतं. तोच न्याय एटापल्लीच्या मुलीला का नाही?

कर कमी झाला की त्याचा फायदा गिऱ्हाइकाला द्यावाच लागेल, असं जीएसटी कायद्याचं कलम 171 सांगतं. ते कलम आमच्या गावच्या गल्ल्यापर्यंत कधी पोचलं नाही. वर्षाला 40 लाखांच्या आत माल विकणाऱ्या दुकानदाराला तर जीएसटीची नोंदणीही लागत नाही. गाडीभाड्याचं दुखणं खरं आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, माल अडकतो. पण छापील किमतीच्या वर एक रुपया घेणंही बेकायदा आहे, आणि नसलेल्या कराच्या नावावर घेणं ही सरळ लूट आहे.

8 मार्च 2018 ला राज्यानं अस्मिता योजना आणली, 5 रुपयांत 8 पॅड. पण ती जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींसाठी होती. खासगी अनुदानित शाळेतली मुलगी बाहेरच राहिली. जनऔषधी केंद्रात 2019 पासून एक रुपयाला एक पॅड मिळतं, पण आधी केंद्र तर जवळ हवं! रेशनचं दुकान जवळ असतं. तिथे पॅड का ठेवत नाहीत?

आणि आपण? दुकानदार पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळतो, काळ्या पिशवीत टाकतो. आपण ती पदराआड धरून घाईनं निघतो. त्या घाईत किंमत कोण वाचणार, बिल कोण मागणार? माडिया बायकांच्या कुर्मा घराला आपण मागास म्हणतो. आपली काळी पिशवी म्हणजे हातातलं कुर्मा घरच आहे. रमजानमध्ये पाळी आली की आपल्या मुली स्वयंपाकघरात दाराआड घास खातात, जणू गुन्हाच केला. पैगंबरांनी मशिदीतली चटई मागितली तेव्हा हजरत आयशांनी पाळीची अडचण सांगितली. पाळी काही तुझ्या हातात नाही, असं सांगून त्यांनी ती चटई त्यांच्याच हातून घेतली. ही हदीस मुलींना कोण सांगतं?

लाज आपली, नफा दुसऱ्याचा. ज्या वस्तूचं नाव घ्यायची चोरी, तिचा भाव कुणीही कितीही लावतो.

त्या संध्याकाळी मी 40 रुपये मोजून काउंटरवर ठेवले. म्हटलं, ‘भाऊ, जीएसटी लागत असेल तर बिलावर लिहून द्या.’ त्यांनी बिल दिलं नाही, वरचे 5 रुपयेही मागितले नाहीत. पिशवी पुढे केली. ती मी घेतली नाही. पाकीट उघडं हातात धरून बाजारातून घरी आले.