दोन तास कुणासाठी?

अटकेची कारणे लेखी द्या, आरोपीला कळेल अशा भाषेत द्या आणि दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी द्या. नाहीतर अटक बेकायदा. वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघात प्रकरणात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन मसीह यांच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेला हा निकाल चांगलाच आहे. फक्त तो कुणाच्या दाव्यातून आला, हे विसरू नये. आरोपी राजकीय घरातला. उच्च न्यायालयात हरला, तर दिल्लीचे दार ठोठावण्याची ऐपत असलेला. त्याने ते ठोठावले, यात गैर काही नाही. गैर हे आहे, की त्याने मिळवलेला हक्क मालवणीच्या किंवा अप्पापाड्याच्या पोराला बजावून देणारा माणूस बोरिवलीच्या कोर्टात नसतो.

दोन तास कशासाठी दिले? कागद वकिलाला दाखवता यावा, वकिलाने रिमांडला विरोध करावा, यासाठी. वकीलच नसेल तर त्या कागदाची घडी करून खिशात ठेवायची, एवढाच त्याचा उपयोग. मालाड, मालवणी, कुरार, दिंडोशी या ठाण्यांतून रोज माणसे पकडून आणली जातात. त्यांत बिगारी असतात, फेरीवाले असतात, रिक्षावाले असतात. पोलीस कोठडी मागतात, तपास अधिकारी दोन वाक्ये बोलतो, आरोपीला ‘काही तक्रार?’ असे विचारले जाते आणि तो मान हलवतो. बाहेर नातेवाईक वकिलाची फी जमवण्यासाठी फोन लावत असतात. वकील येतो तेव्हा कोठडीचे दिवस सरलेले असतात. ज्या वेळी वकील सर्वांत जास्त हवा, नेमका त्याच वेळी तो नाही. सगळी गोम इथेच आहे.

कायदा तोकडा आहे म्हणावे, तर तसेही नाही. मोफत कायदेशीर साहाय्याचे ३९अ हे कलम १९७६ पासून राज्यघटनेत आहे. १९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र या निकालात न्या. कृष्णा अय्यर यांनी गरीब कैद्याला सरकारी खर्चाने वकील देणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. १९८३ मध्ये मुंबईच्या तुरुंगातील स्त्रियांविषयी शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की अटक होताच पोलिसांनी कायदा साहाय्य समितीला कळवावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अटही ठेवलेली नाही. आणि २०१२ मध्ये, दस्तुरखुद्द कसाबच्या अपिलात, न्यायालयाने बजावले, की आरोपीला प्रथम हजर करताच वकिलाचा हक्क समजावून सांगणे व वकील देणे हे दंडाधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे आणि त्यात कसूर करणाऱ्यावर खातेनिहाय कारवाई व्हावी. अशी कारवाई कुणावर झाल्याचे कुणाच्या ऐकिवात आहे काय? एवढे सगळे लिहून झाल्यावर आता नवे काय लिहायचे राहिले आहे?

उत्सवाला मात्र तोटा नाही. निकालानंतर दोनच दिवसांनी दिल्लीत विधी सेवा प्राधिकरणाच्या परिषदेत पंतप्रधानांनी सांगितले, की पूर्णवेळ, पगारी बचाव वकिलांच्या लोकअभिरक्षक योजनेतून तीन वर्षांत सुमारे ८ लाख फौजदारी प्रकरणे निकाली निघाली. निकाली निघाली, म्हणजे झाले काय? किती सुटले, किती जणांनी कंटाळून गुन्हा कबूल केला, किती जणांना वकिलाचा चेहरा तारखेच्या दिवशीच दिसला? आकडा पुढे करायचा आणि त्याच्या आतले झाकून ठेवायचे, ही सरकारी कामाची जुनी खोड आहे. २०२२ च्या अधिकृत आकडेवारीनुसार देशातील ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. शंभरातले पंचाहत्तरहून अधिक! आधी त्यांचा हिशेब द्या, मग टाळ्या घ्या.

लोकअभिरक्षक ही कल्पना चांगली आहे. त्यांच्यावर कामाचा बोजा आहे, हेही खरे. पण त्यावर उपाय माणसे वाढवणे हा आहे. आरोपीने वाट पाहावी, हा नव्हे.

‘गुन्हेगारांना फुकट वकील कशाला?’ असे विचारणारे आपल्याकडे थोडे नाहीत. २००९ मध्ये कसाबसाठी नेमलेल्या अंजली वाघमारे यांच्या घरावर जमाव चाल करून गेला होता. बदलापूर प्रकरणात आरोपीचे वकीलपत्र घेणार नाही, असे कल्याणच्या वकिलांनी जाहीर केले. असे ठराव बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले होते, तरी टाळ्या वकिलांनाच मिळाल्या. पुढे तो आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. खटला राहिलाच.

या टाळ्या वाजवणाऱ्यांनी नाशिकच्या हत्याकांडाचे प्रकरण आठवावे. त्यात आरोपी होते भटक्या जमातीतील सहा गरीब मजूर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला लावले. प्रत्यक्षदर्शीने पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते, ही गोष्ट दडून राहिली होती. अशी गोष्ट पहिल्याच खटल्यात उकरून काढायला समर्थ वकील लागतो. तो नव्हता, म्हणून सहा माणसे फासाच्या दोरापर्यंत जाऊन आली. आणि खरे गुन्हेगार? ते मोकळेच राहिले. गरिबाला वकील नाकारून पीडिताला न्याय मिळतो, असे मानणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

म्हणून मागणी साधी आहे. बोरिवलीत, अंधेरीत, कुर्ल्यात, प्रत्येक रिमांड कोर्टात सुटीच्या दिवशीही लोकअभिरक्षक हजर हवा. अटकेची कारणे आरोपीच्या हाती पडतील त्याच वेळी त्यांची प्रत लोकअभिरक्षकाकडे जावी. वकील आरोपीशी एकांतात बोलला, अशी नोंद झाल्याखेरीज दंडाधिकाऱ्यांनी कोठडीच्या अर्जावर सही करू नये. यासाठी नवा कायदा नको, समिती नको, परिषद तर नकोच. उच्च न्यायालयाने एक परिपत्रक काढावे आणि २०१२ च्या निकालाप्रमाणे कसुराची पहिली कारवाई करून दाखवावी. तोवर हे दोन तास ज्यांच्या दाराशी वकील आधीच उभा आहे, त्यांचेच राहतील.