आय-सेव्हन, पण कुठला?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एक वाटाघाट सुरू होते. चिरंजीव म्हणतात, अभ्यासासाठी कम्प्युटर हवा. वडील म्हणतात, 25 हजारांच्या वर छदाम मिळणार नाही. अभ्यासाचा यात कितपत संबंध आहे, हे दोघांनाही ठाऊक असतं. नेमकी याच बजेटची जाहिरात तयार असते: ‘गेमिंग पीसी, आय-सेव्हन, 16 जीबी रॅम, 4 जीबी ग्राफिक्स कार्ड’. सोबतच्या फोटोत काचेचं कॅबिनेट आणि रंग बदलणारे पाच पंखे.

वरून कीर्तन, आतून तमाशा! काच काढली की आत अनेकदा आय-सेव्हन 2600 निघतो. इंटेलने तो बाजारात आणला 2011 मध्ये. प्रोसेसरच्या नंबरातला सुरुवातीचा आकडा त्याची पिढी सांगतो: 2600 दुसरी, 3770 तिसरी, 12100 बारावी. यातला 12100 हा साधा आय-थ्री. कोअर दोघांनाही चारच, पण 2600ला तो सहज मागे टाकतो. ‘सेव्हन’वर भाळणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. विंडोज 10चा आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला आणि विंडोज 11च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून आहेत. विंडोज 11वर ‘व्हॅलोरंट’ खेळायचं तर टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयीही लागतात; इतक्या जुन्या बोर्डावर त्या सहसा नसतात. म्हणजे ज्या खेळासाठी हट्ट धरला, तोच अडतो.

‘4 जीबी कार्ड’ची गंमत याहून न्यारी. 2014चं जीटी 730 हेही 4 जीबीत मिळतं आणि 2019चं जीटीएक्स 1650 हेही 4 जीबीचंच. पहिलं फार तर डिस्प्ले दाखवायला ठीक; दुसऱ्यावर खरोखर खेळता येतं. जीबीचा आकडा मोठा दिसतो म्हणून तो जाहिरातीत येतो, कार्डाचं नाव मात्र येत नाही. 16 जीबी रॅमही डीडीआर-3, जी पुढे नव्या बोर्डावर बसतच नाही. उद्या सुधारणा करायची म्हटली तर हाती उरतात ते पंखे.

मग हात आखडता असलेल्याने काय घ्यावं? आमचं मत विचाराल तर ग्राफिक्स कार्ड आज घेऊच नये. रायझन 5 5600जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं. सेटिंग उतरवून ‘व्हॅलोरंट’, ‘जीटीए 5’ त्यावर चालतात. मात्र हे ग्राफिक्स रॅममधूनच वाटा घेतं, म्हणून 16ची एक स्टिक लावण्यापेक्षा 8च्या दोन लावाव्यात; फरक खेळताना जाणवतो. एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे 2025च्या अखेरीस रॅम कडाडली, त्यामुळे इथे हिशेब कडक होणार हे खरं. तरीही काटकसर करायची ती कॅबिनेटवर करावी, एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर नको. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणारा, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागणारा एसएमपीएस स्वतः जळतो तेव्हा कधी कधी बोर्डही सोबत नेतो. स्टिकरवर 450 वॉट छापायला पैसे पडत नाहीत. 80 प्लस प्रमाणपत्राचा, नामांकित कंपनीचा 550 वॉटचा घेतला तर दोन वर्षांनी मध्यम ताकदीचं कार्ड त्याच्यावर निर्धास्त लावता येतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कोटेशन मागितलं की सुट्या भागांच्या किमती ओळीने लिहून मिळतात. तीच पद्धत तालुक्याच्या दुकानातही मागावी आणि बिलावर प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल लिहून घ्यावं. ‘गेमिंग पीसी, 1 नग’ एवढ्या ओळीवर वॉरंटीचं भांडण जिंकता येत नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जुना माल नवा म्हणून खपवणं आणि बिल न देणं या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापार प्रथेत मोडतात. वापरलेला माल विकणं हा गुन्हा नाही; खुशाल विकावा, पण ‘वापरलेला’ म्हणून, आणि त्याच भावात.