घरचे आरोग्य : कळ थांबली, पण खडा गेला का?



उन्हातान्हात दिवसभर घाम गाळायचा आणि पाणी मात्र तांब्याभरच प्यायचे, ही आपल्यापैकी अनेकांची सवय. अशाने लघवी दाट होते, तिच्यातले क्षार साचतात आणि मूत्रपिंडात खडा धरतो. मग एके रात्री कमरेतून जांघेत उतरणारी अशी कळ येते की धडधाकट माणूस गडाबडा लोळतो.

पूर्वी मोठ्या मुतखड्यासाठी कूस चिरावी लागे. फेब्रुवारी १९८० मध्ये जर्मनीतील म्युनिक येथे डॉ. ख्रिश्चन शॉसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरून आघात-लहरी सोडून रुग्णाच्या मूत्रपिंडातला खडा प्रथमच फोडला. ही लहर मऊ मांसातून पार जाते. घाव बसतो तो कठीण खड्यावर.

पण नेम कसा साधायचा? श्वासागणिक मूत्रपिंड खालीवर होते, खडाही हलतो. इथे सोनोग्राफी कामाला येते. पडद्यावर खडा सतत दिसतो, तो सरकला की डॉक्टर नेम सुधारतात. क्ष-किरणांचा संपर्क टळतो, शिवाय साध्या क्ष-किरण चित्रात न दिसणारे युरिक आम्लाचे खडेही यात दिसतात. मूत्रनलिकेच्या मधल्या भागातला खडा मात्र सोनोग्राफीत नीट दिसत नाही. तिथे क्ष-किरणच लागतात.

हा उपचार सरसकट सर्वांना नाही. साधारण दोन सेंटीमीटरपर्यंतच्या खड्याला तो चालतो. पोटात मूल असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा लघवी करताना जळजळ होऊन ताप येत असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

उपचारानंतर खड्याचा चुरा लघवीवाटे हळूहळू पडतो. एक-दोन दिवस लघवी लालसर होते, त्याने घाबरू नका. फडक्यातून लघवी गाळून चुरा जपून ठेवा व तपासायला द्या. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

आणि मुख्य गोष्ट. कळ थांबली म्हणून फेरतपासणीची सोनोग्राफी चुकवू नका. एखादा तुकडा नलिकेत गुपचूप अडकून राहतो, वर लघवी तुंबते आणि न दुखता मूत्रपिंड निकामी होत जाते. गाडीभाडे वाचेल, पण मूत्रपिंड जाईल.

उद्यापासून शेतावर जाताना पाण्याची कळशी बरोबर घ्या. लघवी फिकी राहील इतके पाणी पीत जा.