बीडला डिझाइनचं केंद्र येतंय, मग व्हीआरचा कोर्स करायचा का?

२०२५ मध्ये बीड जिल्ह्यासाठी दोन मोठ्या बातम्या आल्या. पहिली, टाटा टेक्नॉलॉजीजच्या साथीने बीडमध्ये १९१ कोटी रुपयांचं 'सीआयआयआयटी' प्रशिक्षण केंद्र उभारण्याची घोषणा. तेव्हाचे पालकमंत्री अजित पवार यांनी ती केली आणि इथे वर्षाला ७,००० तरुणांना प्रशिक्षण मिळेल असं सांगितलं. दुसरी, १७ सप्टेंबरला बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली.

मी मूळचा माजलगाव तालुक्यातला. पुण्यात एका डिझाइन सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअर आहे. आमच्याकडे व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे व्हीआर, बसवायचं आणि चालू ठेवायचं काम माझ्या टीमकडे आहे. त्यामुळे सीआयआयआयटीची बातमी आल्यापासून गावाकडच्या पोरांचे मेसेज येतात, "दादा, व्हीआरचा कोर्स करू का? फी भरू का?"

प्रश्न रास्त आहे, कारण जगातून येणाऱ्या बातम्या उलट्या दिशेच्या आहेत. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये होलोलेन्स २ चं उत्पादन थांबवलं. मेटाच्या व्हीआर विभागाला त्याच वर्षात १७ अब्ज डॉलरपेक्षा जास्त तोटा झाला. २०२६ च्या जानेवारीत मेटाने या विभागात नोकरकपात केली आणि हेडसेट घालून मीटिंग करायचं 'वर्करूम्स' हे अॅप बंद करत असल्याचं सांगितलं. मग व्हीआर संपलं का? आणि संपत असेल, तर बीडच्या पोराने त्यात पैसे का घालायचे?

मोबाइलच्या डब्यातलं व्हीआर आणि खरं व्हीआर

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाइल घालायचा प्लॅस्टिकचा डबा वापरला असेल. मान फिरवली की चित्र फिरतं. हे काम फोनमधला जायरोस्कोप करतो. पण तुम्ही एक पाऊल पुढे टाकलं, तर चित्र जागचं हलत नाही, कारण फोनला फक्त वळणं कळतं, सरकणं कळत नाही.

कामाच्या हेडसेटला दोन्ही कळतं. क्वेस्टसारख्या हेडसेटवर कॅमेरे असतात, ते खोली बघून स्वतःची जागा ओळखतात. एचटीसी व्हाइव्हसारख्या हेडसेटसाठी खोलीच्या कोपऱ्यांत छोटी यंत्रं बसवतात, ती न दिसणारे इन्फ्रारेड किरण फेकतात. त्यामुळे तुम्ही खाली वाकलात तर यंत्राच्या खालचं दिसतं, बाजूला सरकलात तर मागचं दिसतं. डिझाइन कंपनी पैसे मोजते ते या एका गोष्टीसाठी.

डिझाइनवाल्यांना ते लागतं कशाला?

आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. दरवर्षी आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात, आणि आता फडात हार्वेस्टरही दिसतो. समजा, तुम्हाला हार्वेस्टरची केबिन डिझाइन करायची आहे. कॉम्प्युटरवर ती सुंदर दिसते. मापं बरोबर असतात. पण साडेपाच फुटांच्या चालकाला सीटवर बसून जमिनीलगतचं पातं आणि शेजारचा ट्रॅक्टर दिसतो का? मधला खांब नेमका डोळ्यासमोर येतो का? हे स्क्रीनवर चटकन कळत नाही, कारण तिथे सगळं यंत्र वीतभर दिसतं.

व्हीआरमध्ये तीच केबिन खऱ्या मापाची होते. खुर्ची ठेवायची, चालकाला त्यावर बसवायचं आणि विचारायचं, "काय दिसतंय?" एकही पत्रा कापायच्या आधी चूक सापडते. पत्रा कापल्यावर सापडलेली चूक महाग पडते, हे कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला विचारा. व्हीआरचा धंद्यातला उपयोग मुख्यतः एवढाच आहे, पण तो पक्का आहे.

खोली लावताना काय काय लागतं?

साधारण दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा हवी. इन्फ्रारेड यंत्रं असतील तर आरसे आणि मोठ्या काचा झाकाव्या लागतात, नाहीतर किरण परावर्तित होऊन हेडसेटची जागा चुकते. खिडकीतून थेट ऊन येता कामा नये. हेडसेटच्या भिंगावर ऊन पडलं तर ते आतल्या स्क्रीनवर एका बिंदूत गोळा होतं आणि स्क्रीन कायमचा खराब होतो. मराठवाड्याच्या उन्हात हे विशेष लक्षात ठेवायचं.

मग ताकदीचं ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर. बिनतारी चालवायचं तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय, तेही खोलीतच. क्वेस्टची बॅटरी साधारण दोन तास टिकते, म्हणून चार्जिंगचं वेळापत्रक. प्रत्येकाच्या डोळ्यांतलं अंतर वेगळं असतं, त्यानुसार भिंगं सरकवावी लागतात. एकाच्या घामाचा हेडसेट दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून पुसायचं कापड आणि बदलता येणारं आवरण. यातलं काहीच जाहिरातीत नसतं, पण यातलं एक राहिलं की लोक दोनदा वापरून तिसऱ्यांदा येत नाहीत.

खरं काम हेडसेटच्या आधी होतं

आता मुद्द्याची गोष्ट. डिझाइन सॉफ्टवेअर यंत्राचा प्रत्येक गोलावा गणिताच्या सूत्रात साठवतं. ग्राफिक्स कार्डला सूत्रं दाखवता येत नाहीत, त्याला त्रिकोण लागतात. म्हणून आधी सगळ्या मॉडेलचे त्रिकोण करावे लागतात. एका बोल्टच्या आट्यांचेच हजारो त्रिकोण होऊ शकतात, आणि यंत्रात शेकडो बोल्ट असतात.

इकडे हेडसेटला साधारणपणे सेकंदाला ९० चित्रं हवी असतात, दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळी. म्हणजे एका चित्राला फक्त ११ मिलिसेकंद. मॉडेल जड झालं की चित्र मानेच्या मागे पडतं. डोळे एक सांगतात, कान दुसरं सांगतात, आणि घाटातल्या एसटीत होतं तसं पोटात ढवळतं.

म्हणून कुणाला तरी ठरवावं लागतं की बोल्टचे आटे काढून टाकले तरी चालतील, पण पात्याची कड जशीच्या तशी राहिली पाहिजे. हे ठरवायला यंत्र कळावं लागतं, मॉडेल करता यावं लागतं आणि थोडं प्रोग्रामिंग यावं लागतं. आमच्या कामाचा बहुतेक वेळ यातच जातो. हेडसेट घालून बटण दाबायला नवा माणूस अर्ध्या तासात शिकतो. जे अर्ध्या तासात शिकता येतं, त्यावर पगार मिळत नाही.

मेटाच्या बातमीचा अर्थही इथेच लागतो. जे बंद पडलं ते हेडसेट घालून मीटिंग करणं. मीटिंगला खऱ्या मापाची गरज नव्हती, लॅपटॉप पुरत होता. केबिन तपासायला खरं माप लागतं, म्हणून तो उपयोग टिकतो. पण तो उपयोग थोड्या कंपन्यांत आहे. 'मेटाव्हर्समध्ये लाखो नोकऱ्या' असं सांगून फी घेणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बीडसाठी हिशोब

समजा, एखाद्या प्रशिक्षण केंद्रात व्हीआर आणलं. एकाची पाळी २० मिनिटांची आणि पुसायला, बसवायला १० मिनिटं धरा. तासाला दोन जण, दिवसाचे सहा तास, म्हणजे एका हेडसेटवर रोज १२ जण. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३,६०० पाळ्या. ७,००० विद्यार्थ्यांना प्रत्येकी १० पाळ्या द्यायच्या तर ७०,००० पाळ्या होतात, त्याला २० हेडसेट लागतील. आणि ते एकही दिवस न बिघडता चालले, तरी एका विद्यार्थ्याच्या वाट्याला वर्षभरात येतात फक्त ३ तास २० मिनिटं.

म्हणजे हेडसेट कितीही आणले, तरी विद्यार्थ्याचं वर्ष जाणार कॉम्प्युटरपुढे आणि वर्कशॉपमध्ये. म्हणून केंद्र असो की खासगी क्लास, प्रवेश घेताना हेडसेट किती हे विचारू नका. विचारा, कॅडचं लायसन्स असलेले कॉम्प्युटर किती? मी केलेलं मॉडेल प्रत्यक्ष बनवून बघता येईल का? हेडसेट बिघडला तर दुरुस्त कोण करणार, आणि त्यासाठी दरवर्षी वेगळे पैसे ठेवलेत का? उद्घाटनाच्या फोटोनंतर कपाटात गेलेली लॅब आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या कॉलेजात पाहिली आहे.

आजपासून काय करता येईल?

फक्त मोबाइल असेल तर ऑनशेपचं अॅप टाका. त्याचा मोफत प्लॅन आहे, फक्त त्यात तुमचं काम सगळ्यांना दिसतं. साधा कॉम्प्युटर मिळत असेल तर फ्रीकॅड पूर्ण मोफत आहे. विद्यार्थी असाल तर ऑटोडेस्कची सॉफ्टवेअरही शिकण्यापुरती मोफत मिळतात. ब्लेंडर मोफत आहे आणि त्यातला सीन हेडसेटमध्ये बघायची सोय २०२० पासून त्यातच आहे. म्हणजे उद्या हेडसेट हाती आला, तर आज केलेलं मॉडेल त्यात चालेल.

पहिलं मॉडेल स्पोर्ट्स कारचं करू नका. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात जा, टेप लावून ट्रॉलीचा हुक किंवा पेरणीयंत्राचा फण मोजा, आणि तो बनवा. मग त्याच दुकानदाराला मोबाइलवर दाखवा. तो पाच मिनिटांत सांगेल काय चुकलंय. असे वीस भाग झाले, की फी भरायची की नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल.